बंदुकीचा तिरका दात

"ही रेघ कोणी सरळ केली?"

मी ओरडले तेव्हा केळुसकर सर सोलकढी पीत होते. त्यांनी निवांतपणे पेला खाली ठेवला, रुमालाने मिशी पुसली आणि म्हणाले, "मी केली. वाकडी राहिली होती तुझी."

"राहिली नव्हती सर! ती वाकडीच आहे!"

"असं कसं? कारखान्यातून बंदूक निघते ती काय वाकडी निघते?"

"कारखान्यातून कशीही निघू दे. आता ती वाकडी आहे. अभ्यंकरांनी मोजून पाठवलंय तसं."

"मोजताना चुकले असतील."

मी कपाळावर हात मारला. ही तिसरी वेळ होती. मी रेघ तिरकी काढायची, जेवायला खाली उतरायचं, परत येऊन बघावं तर रेघ सरळ. जसं काही ऑफिसात भूतच होतं, आणि ते भूत मिशीची सोलकढी पुसत माझ्यासमोर बसलेलं होतं.

कुडाळला बसस्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. कामं म्हणजे घरांचे नकाशे. पडवी, ओटी, माजघर, वर एक खोली, संडास घराला लागून हवा की लांब यावर मालकाच्या घरात आठवडाभर भांडण. केळुसकर सरांनी जन्मभर टी-स्क्वेअर आणि गुण्याने हाताने नकाशे काढले होते. काँप्युटर त्यांनी घेतला तो नाइलाजाने, पण त्यातलं एक बटण त्यांना जीव की प्राण. ऑर्थो. ते चालू केलं की रेघ एक तर आडवी जाते नाही तर उभी, तिसरा रस्ताच नाही. सर सकाळी येऊन आधी देवाला उदबत्ती लावायचे आणि मग ऑर्थो लावायचे. जवळजवळ सरळ असलेली रेघ ही सरळच असते, फक्त काढणाऱ्याचा हात हललेला असतो, असं त्यांचं ठाम मत. घरांच्या बाबतीत ते खरंही होतं. पण हे घर नव्हतं ना!

ही भालचंद्र परबाची बंदूक होती.

भालूदादा कुडाळपासून जवळच्याच एका वाडीतला. काजूची बाग, वांदरांचा आणि डुकरांचा त्रास, म्हणून पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली एकनळी काडतुसाची बंदूक. आमच्याकडे बऱ्याच घरांत असते. त्याचा चुलतभाऊ पुंडलिक, म्हणजे पुंडू. दोघांच्या बागांच्या मधोमध, अगदी हद्दीवर, एक फणस. त्या फणसावरून दोघं वर्षातून दोनदा भांडायचे, एकदा कुयरी, म्हणजे कोवळा फणस, धरली की आणि एकदा फणस पिकला की. त्या वर्षी भालूदादाने भर रस्त्यात, चार माणसांच्या देखत, "एक दिवस तुझे पायच मोडून ठेवतंय" असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, नीट दिसेनासं झाल्यावर, पुंडू भांडण पुढे चालवायला बागेत गेला, बंदुकीचा बार उडाला आणि छर्रे पुंडूच्या गुडघ्यात गेले. पाय मांडीपासून कापावा लागला.

पुंडूने जबाब दिला, भालूने माझ्यावर बार टाकला. भालूदादा म्हणत होता, डुकरांसाठी भरून, घोडा ओढून बंदूक फणसाला टेकवून ठेवलेली होती, ती घसरून पडली आणि उडाली. भांडण ऐकणारे चार साक्षीदार. जामीन नाही. मुद्दाम मारलं असं ठरलं असतं तर भालूदादाचं उरलेलं आयुष्य तुरुंगातच गेलं असतं. पन्नाशी उलटलेला माणूस.

बचावाचे वकील नाबर. त्यांचा बंगला आमच्याच ऑफिसने काढलेला. त्यांनी पुण्याहून अभ्यंकर म्हणून एक निवृत्त तज्ज्ञ आणले, जन्मभर बंदुकाच तपासलेला माणूस. कोर्टाच्या परवानगीने त्यांनी भालूदादाची बंदूक उघडून पाहिली, फोटो काढले, मापं घेतली. बंदुकीचा घोडा मागे ओढला की तो एका छोट्याशा दातात अडकून राहतो. चाप ओढला की दात सुटतो आणि घोडा पडतो. दात धड असेल तर बंदूक आपटली तरी उडत नाही. भालूदादाच्या बंदुकीचा दात धड नव्हता, तिरका होता. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू कोर्टात दाखवणार कशी? म्हणून ती मोठी करून, अचूक काढून, भिंतीएवढ्या कागदावर छापायचं काम आमच्याकडे आलं.

म्हणजे सगळी केस त्या तिरकेपणावर. आणि आमचे सर तो पुसून टाकत होते, रोज जेवणानंतर.

"सर," मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं, "ह्या रेघेवर एका माणसाची जन्मठेप आहे."

"म्हणूनच म्हणतो, नीट काढ."

आवशीचो घोव! हे अर्थातच मनातल्या मनात. ऑफिसात शुद्ध बोलायचं असा सरांचा नियम होता.

संध्याकाळी अभ्यंकरांचा फोन आला. त्यांना मी दुपारी ड्रॉइंग पाठवलं होतं, आणि पाठवण्याआधी रेघ तिरकी केली होती, पण सरांनी मधल्या वेळात अजून दोन रेघा "स्वच्छ" केल्या होत्या ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"धुरीबाई, अभिनंदन. तुम्ही मला नवीकोरी बंदूक पाठवलीत."

"सर, त्याचं असं झालं की…"

"मला जुनी हवी होती."

"हो सर."

"दाताच्या टोकाला एक बारीक आकडा आहे. रेघ शेवटाला जरा आत वळते. तो कुठे गेला?"

मी केळुसकर सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"तो टाकते सर."

"तो विसरू नका. महत्त्वाचा आहे. मला आधी वाटलं होतं की दात झिजलाय. पण झिजलेलं लोखंड गोलावतं. हे सपाट आहे, टोकाला वळलेलं आहे. हा दात कोणीतरी कानशीने घासलाय. चाप हलका व्हावा म्हणून घासतात."

"कोणी घासला?"

"तेच तर! नाबरांनी तुरुंगात जाऊन अशिलाला विचारलं. अशील म्हणतो, माका ठावूक नाय." अभ्यंकरांच्या तोंडून मालवणी ऐकून मला हसू आलं असतं, पण त्यांचा आवाज भयंकर वैतागलेला होता. "पोलिसांनी बंदूक ताब्यात घेतली दुसऱ्या दिवशी सकाळी. सरकारी वकील काय म्हणणार? हा दात याने रात्रीतून स्वतःच घासला, बहाणा तयार करायला. कोणी घासला आणि कधी घासला हे सांगणारा माणूस उभा राहिला नाही, तर तुमच्या ड्रॉइंगचा वडे गुंडाळायलाच उपयोग. या माणसाला सुटायचंय की नाही?"

मलाही तोच प्रश्न पडला. आणि माझ्यासमोर त्याची बायकोच बसलेली होती.

शालिनीवहिनी. ही आणखी एक तऱ्हा. बाजाराला आली की जिना चढून यायची, दाराजवळच्या बाकावर बसायची, पिशवीतून ओल्या काजूगरांची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवायची आणि एकच प्रश्न विचारायची.

"दात वाकडोच काढलंस मां?"

"होय वहिनी."

"सरळ नाय ना केलंस?"

"नाय गो बाय!"

"बघ हां. वाकडो असा तसोच ऱ्हवांदे."

बस. मग गप्प. तासभर बसायची, पडद्यावरच्या रेघांकडे बघायची, आणि निघून जायची. मी केसबद्दल काही विचारलं तर मान खाली. त्या दिवशी अभ्यंकरांचा फोन ठेवल्यावर माझा पारा चढला. राग आला की मी मालवणीवर येते, सर असोत नाही तर सरांचे वाडवडील असोत.

"वहिनी, खरा सांग. तुझ्या घोवाच्या बंदुकेक कानस कोणी लावल्यान?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहिलं.

"माका इचारू नको बाय."

"मगे कोणाक इचारू? वकील इचारून थकलो, पुण्याचो माणूस इचारून थकलो. तुझो घोव बोलना नाय, तू बोलनस नाय. तो थंय सडान मरांदे असा वाटता तुका?"

"तेंनी रवळनाथाची शपथ घातल्यानी," ती म्हणाली. एवढंच. पदराने डोळे पुसले, उठली, आणि जाताना दारात थांबून परत एकदा दाराकडे पाहिलं. "ही खिट्टी लागत नाय वाटता तुमची?"

"नाय लागत! आता ता खंयसून काढलंस मधेच?"

ती गेली. मी डोकं धरून बसले. माणूस तुरुंगात आणि बाईला आमच्या खिट्टीची चिंता!

पण खिट्टी खरोखरच लागत नव्हती. ते आमचं जुनं दुखणं. ऑफिसचं लोखंडी दार बनवलेलं पुंडूने. हो, तोच पुंडू. पाय जाण्याच्या आधी तो गावात फॅब्रिकेशनची कामं करायचा, दारं, खिडक्यांचे गज, गेटं, आणि कोणाचं काही मोडलं तर तेही. त्याचं काम म्हणजे सगळ्या कुडाळात चेष्टेचा विषय. पुंडूने केलेल्या टेबलावर जेवायचं तर ताट हाताने धरायला हवं, असं म्हणायचे. तरीही सगळे त्यालाच बोलवायचे, कारण बोलावलं की तो येतो, हसत येतो आणि चहा घेतल्याशिवाय जात नाही. आमच्या दाराची खिट्टी कडेला जाऊन भोकाच्या बाजूलाच आपटायची. दार गुडघ्याने उचलून, खांद्याने दाबून, एका विशिष्ट शिवीवर ती आत जायची. अपघाताच्या आधी मी त्याला किती वेळा फोन केला होता! आणि नंतर, पाय गेलेल्या माणसाला खिट्टीवरून काय बोलायचं? म्हणून गप्प होते. गुडघ्याला कायमचा काळा डाग.

त्या संध्याकाळी सर लवकर गेले. मी आकडा नीट काढला, ड्रॉइंग प्लॉटरवर मोठं छापलं आणि सरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर भिंतीला लावलं. काँप्युटरातला आकडा सरांच्या हाती, पण कागदावरचा नाही. मग दार लावायला गेले. गुडघा लावला. खांदा लावला. शिवी दिली. खिट्टी आपटली, बाजूला.

मी वैतागून खाली वाकले, मेलीचं बिघडलंय तरी काय म्हणून बघायला. आणि बघतच राहिले.

खिट्टीचं टोक घासलेलं होतं. सपाट, एका अंगाला कललेलं. आणि अगदी शेवटी रेघ जरा आत वळलेली. बारीक आकडा.

मी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. परत खिट्टीकडे पाहिलं. मग दार तसंच उघडं टाकून काँप्युटर पुन्हा चालू केला. खिट्टीचा फोटो काढला, ड्रॉइंगमध्ये घातला, दाताएवढा लहानमोठा करून त्याच्यावर ठेवला. फोटोतली कड माझ्या रेघेवर बसली ती अशी बसली की कुठे फोटो संपतो आणि कुठे रेघ सुरू होते ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पाहिलं, पुन्हा पुसला.

"तिरकं ते तिरकं," ते म्हणाले. "तिरक्या गोष्टी सगळ्या सारख्याच दिसतात."

"आकडासुद्धा सारखा?"

ऑर्थोच्या बटणाशी गेलेला हात सरांनी मागे घेतला.

"मी नाबर वकिलांना फोन करते," मी म्हटलं.

"थांब." सरांनी खुर्ची जवळ ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात मालवणी बोलले. "पाय गेललो माणूस तो. तेच्यावर आणि आपण बोट दाखवचा? आणि ह्या पुराव्याक कोर्टात कोण इचारतलो? खिट्टी आणि बंदूक? हसतीत लोक आपल्याक."

तेही खरं होतं. तो स्वतः बोलला नाही तर खिट्टीवरून कोणता न्यायाधीश मानणार? आणि पुंडू कशाला बोलेल? त्याच्या मते तर भालूने त्याच्यावर बार टाकला होता.

तेवढ्यात शालिनीवहिनी आली. भिंतीवरचं ड्रॉइंग तिने पाहिलं आणि पहिल्यांदा तिचा तो एकच प्रश्न तिने विचारला नाही. नुसती बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"तुमची खिट्टी लागत नाय मां?"

मी दाराकडे पाहिलं.

"मगे करून घेवा ना," ती म्हणाली. "जेणा केल्यान तेकाच बोलवा. तो आता बसल्या बसल्या कामा करता. बोलवलंत तर येतलो."

मला तेव्हा कळलं. ही बाई इतके दिवस दाराकडे का बघत होती ते. शपथ बोलण्याची होती, बघण्याची नव्हती. मेली किती हुशार! आणि मी तिच्यावर ओरडत होते.

मी पुंडूला फोन केला. "पुंडूदा, तुझी ती खिट्टी माझो जीव घेतली. येतंस की दुसऱ्याक बोलवू?"

"दुसऱ्याक नको गो," तो म्हणाला. "माझ्या कामात दुसऱ्याचो हात नको."

तो रिक्षातून आला. जिना चढताना कुबड्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. सर मदतीला उठले तर म्हणाला, "बसा हो केळुसकरानू, तुमका उचलूक माणूस खंयसून आणू?" तसाच होता, हसरा, फक्त बराच वाळलेला. बाकावर वहिनी बसली होती. तिला पाहून त्याचं हसणं एकदम गेलं. त्याने मान फिरवली, दाराशी स्टूल ओढून बसला आणि पान्याने खिट्टी सोडवायला लागला.

"ह्या काय लावलंस भिंतीर? डोंगर काय?" तो मान वर करून म्हणाला. वहिनीकडे बघायचं नव्हतं म्हणून कुठेतरी बघायचं, इतकंच.

"दात," मी म्हटलं.

"कोणाचो? हत्तीचो?"

"बंदुकेचो."

पान्याचा आवाज थांबला. केळुसकर सर पडद्यात तोंड घालून बसले, पण पडद्यावर काहीच नव्हतं.

पुंडू उठला. कुबडीवर भार देऊन भिंतीपर्यंत गेला. सरांपेक्षा तो चांगला उंच; त्याने अंगठा वर नेला आणि त्या तिरक्या रेघेवरून हळूहळू फिरवला. शेवटच्या आकड्याशी अंगठा थांबला. मग त्याने हात मागे घेतला आणि हवेतच कानस चालवल्यासारखा एक फटका मारला. फटक्याच्या शेवटी त्याचं मनगट आपोआप आत वळलं. त्याने ते पाहिलं. पुन्हा एक फटका मारला. पुन्हा वळलं.

"ही भालूची बंदूक," तो म्हणाला.

"असो दात नुसत्या आपटण्यानय सुटता," मी म्हटलं. "चाप ओढूचो लागणा नाय."

"ह्यो मीच घासलंय. गेल्या गणपतीच्या आधी. तेच्या बोटात वात, चाप ओढूक होयना. मीच म्हटलंय, दी हडे, हलको करून देतंय." तो वळला आणि पहिल्यांदा वहिनीकडे पाहिलं. "म्हणजे ती आपसूक उडाली? खरीच घसारली?"

वहिनीने मान डोलावली.

"भालून सांगल्यान कसा नाय? वकिलाक सांगल्यान नाय? आं?"

"आता तूच बोललंस म्हणान बोलतंय," वहिनी म्हणाली. "म्हणाले, पुंडूचो पाय गेलो. आता परवान्याशिवाय बंदूक उघडल्यान म्हणान तेकाव आत टाकतीत. तेच्या घरात मिळवणारो दुसरो कोण असा? माझा काय ता होवंदे, म्हणाले. माका शपथ घातल्यानी, पुंडूचा नाव घेतलंस तर माझा मेलेला तोंड बघशीत."

पुंडूच्या तोंडून जे बाहेर पडलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही.

"शिरा पडो तेच्या तोंडार!" तो ओरडला. खाली रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. "मेलो फणसाच्या एका गऱ्यासाठी माझ्या बापाशीचा नाव काढता, आणि हयसर मोठो धर्मराज झालो! माका एक शब्द सांगूक काय झाला तेका? मी देवासमोर नाय, पोलिसासमोर सांगलंय गो, भालून बार टाकल्यान म्हणान! माका वाटला तेना टाकल्यान! माझो भाव माझ्यावर बार टाकता असा वाटान मी इतके दिवस झोपाक नाय, आणि तो थंय माका वाचवता? कोणी सांगल्यान तेका माका वाचवूक?"

आणि मग तो माझ्या खुर्चीत बसला आणि हातांनी तोंड झाकून रडला. मोठा दांडगा माणूस, मोठ्याने रडतो तेव्हा कुठे बघावं कळत नाही. मी त्याला पाणी दिलं. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. केळुसकर सर नाक शिंकरत होते. शालिनीवहिनी उठली, त्याच्याजवळ गेली आणि पिशवीतून काजूगरांची पुडी काढून त्याच्या हातात ठेवली. दुसरं काय देणार होती?

"नाबराचा ऑफिस खंय?" त्याने विचारलं.

"पुंडूदा, विचार कर. तुझ्यावरय केस होतली."

"होवंदे. रिक्षा बोलव."

तो गेला. वहिनी त्याच्याबरोबर गेली, कुबडीच्या बाजूने, एक हात न लावता पण अगदी जवळून. सोडवलेली खिट्टी जमिनीवर तशीच पडून राहिली. त्या रात्री ऑफिसच्या दाराला मी सायकलची साखळी बांधली.

पुढचं सगळं वकिलांच्या भाषेतलं आहे. पुंडूने उभं राहून सांगितलं, ड्रॉइंग कोर्टात लागलं, अभ्यंकरांनी काठीने एकेक रेघ दाखवली. भालूदादा सुटला. परवाना नसताना बंदूक उघडली म्हणून पुंडूवर वेगळी केस झाली. ती नाबरांनीच लढवली आणि त्याला फार भोगावं लागलं नाही. अभ्यंकरांनी मला पुण्याहून एक ओळीचं पत्र पाठवलं, "या वेळी जुनीच बंदूक पाठवलीत, आभार."

खिट्टी लावायला पुंडू आला तो भालूदादाला घेऊन. एकाने दार उचलून धरायचं, दुसऱ्याने बसून घासायचं. मी टेबलावरून बघत होते. हे तेच दोघे, ज्यांच्यासाठी मी महिनाभर केळुसकर सरांशी भांडले होते. आणि दाराशी पोचून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर दोघांचं जुंपलं होतं, त्या फणसावरूनच. या वर्षी तो दणकून लागला होता.

"आणि जरा सरळ घास रे मेल्या!" दार पेलून पेलून लाल झालेला भालूदादा ओरडला. "जन्मात एक रेघ सरळ मारूक होणा नाय तुका!"

पुंडूने कानस थांबवली.

"सरळ घासलंय असतंय," तो म्हणाला, "तर आज तू खंय असतंस?"

भालूदादा मान फिरवून जिन्याकडे बघत राहिला. मग दाराखालचा खांदा जरा सरकवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "घास. गप घास."

खिट्टी अर्थातच लागली नाही. अजूनही लागत नाही. सर गेल्यावर ऑफिस मी घेतलं, फरशी बदलली, रंग दिला, काँप्युटर चारदा बदलले. दार तेच ठेवलं. गुडघ्यावरचा काळा डागही तसाच आहे. नवीन आलेली पोरं वैतागून विचारतात, "मॅडम, हे दार एकदा नीट का करून घेत नाही?"

मी त्यांना सांगते, त्याला हात लावायचा नाही.